वीज कमी पडली तर काय कापायचं: तास की युनिट?

वारणाकाठ | सोमवार, रात्री ९.१०

गावाकडच्या ग्रुपवर काल पुन्हा लाईटचं वेळापत्रक फिरत आलं. ते बघून एक जुनी गोष्ट आठवली, आणि बरीच वर्षं मनात असलेला प्रश्न विचारावासा वाटला.

२००१ साली आम्ही ब्राझीलमध्ये, साओ पावलोत राहत होतो. त्या देशाची जवळजवळ ९० टक्के वीज तेव्हा धरणांवर व्हायची. पावसाने ओढ दिली, नवी वीजकेंद्रं आणि वाहिन्या वेळेत उभ्या राहिल्या नव्हत्या, आणि तिकडचा पावसाळा संपला तेव्हा आग्नेय भागातली धरणं जेमतेम एक तृतीयांश भरलेली होती. पुढे सहा महिने कोरडे. आता रोज चार-चार तास अंधार, असंच सगळे धरून चालले होते. त्याला तिथे ‘अपागाँव’ म्हणत. बाजारातल्या मेणबत्त्या संपल्या होत्या.

सरकारने अंधार केला नाही, प्रत्येक घराला आकडा दिला. आदल्या वर्षीच्या मे, जून आणि जुलैच्या वापराची सरासरी काढायची, त्यातून २० टक्के वजा करायचे, उरले तेवढे युनिट तुमचे. ते कधी आणि कशाला वापरायचे ते तुम्ही ठरवा. महिन्याला १०० युनिटांच्या आत असलेल्यांवर सक्ती नाही, उलट त्यांनी वाचवले तर बक्षीस. २०० च्या वरच्या युनिटांना ५० टक्के जादा आकार, ५०० च्या वरच्यांना २०० टक्के. आणि ठरलेल्या आकड्याच्या वर जात राहिलात तर तीन दिवस, पुन्हा गेलात तर सहा दिवस कनेक्शन तोडू, अशी तंबी.

आमची सरासरी २४०, म्हणजे वाट्याला १९२. तिकडे घरोघरी अंघोळीचं पाणी नळाच्या तोंडालाच तापतं. शॉवरमध्येच कॉइल असते, चार-पाच हजार वॉटची, आणि त्याला एक खटका असतो: ‘उन्हाळा’ आणि ‘हिवाळा’. जून म्हणजे तिथली थंडी. आम्ही खटका ‘उन्हाळ्या’वर केला आणि तो टिकटेपने चिकटवून टाकला, पोरांचा हात जाऊ नये म्हणून. महागाईच्या काळात महिन्याचं मांस भरून ठेवायला घेतलेले मोठे फ्रीझर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे होते, ते बंद झाले. साधे बल्ब जाऊन सीएफएल आले. रोज संध्याकाळी मी मीटर वाचून फ्रीजच्या दारावर आकडा लिहायचे. धाकटा विचारायचा, “आई, आज आपण जिंकलो का?”

जून २००१ ते फेब्रुवारी २००२, एवढे दिवस हे चाललं. वीज खरंच सुमारे २० टक्क्यांनी कमी वापरली गेली, आणि ठरवून बत्ती गुल एकदाही करावी लागली नाही.

माझा प्रश्न: आपण महाराष्ट्रात वर्षानुवर्षं तास कापले. युनिट का नाही कापले?

चिंचबोर | सोमवार, रात्री ९.२२

उत्तम विषय. वाचतोय. तो टिकटेप लावलेला खटका डोळ्यांसमोर आला.

हिशेबी | सोमवार, रात्री ९.४८

ताई, लेख आवडला, पण एक गोष्ट खटकते. आदल्या वर्षीची सरासरी धरायची म्हणजे ज्याने तेव्हा उधळपट्टी केली त्याचा वाटा मोठा, आणि ज्याने पै-पै वाचवली त्याला त्यातूनही २० टक्के कापायचे. माझ्या आईचं घर घ्या. दोन ट्यूब, एक पंखा, मिक्सर आठवड्यातून दोनदा. ती कुठून कापणार? आणि शेजारच्या बंगल्यातले तीन एसींपैकी एक बंद करून चांगले नागरिक ठरणार. हे न्याय्य नाही. वाटायचंच असेल तर माणशी वाटा, रेशनच्या साखरेसारखं.

वारणाकाठ | सोमवार, रात्री १०.०५

हिशेबी, तुमची आई १०० युनिटांच्या आतच असणार. तिला कोणी हात लावला नसता, उलट बक्षीस मिळालं असतं. मधल्यांवर अन्याय झाला हे मात्र खरं. आमच्या मजल्यावर एक आजी १३० युनिटांत राहायच्या, त्यांना १०४ वर यायचं होतं. त्या फार हैराण झाल्या. माणशी वाटा करायचा तर घरात माणसं किती, हे दारोदार मोजावं लागलं असतं, आणि हाताशी दिवस नव्हते. मागच्या वर्षीची बिलं तयार होती, म्हणून ती धरली.

निवृत्त यंत्रचालक | सोमवार, रात्री ११.३०

बत्तीस वर्षं उपकेंद्रात काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. टाकीत पाणी कमी असणं वेगळं आणि नळ बारीक असणं वेगळं. ब्राझीलची टाकी रिकामी होत होती. तिथे पहाटे तीन वाजता वाचवलेला युनिटसुद्धा कामाचा, कारण तेवढं पाणी धरणात राहतं आणि पुढच्या महिन्यात उपयोगी पडतं. म्हणून महिन्याचा कोटा चालला.

आपल्याकडे २००५ नंतर नळ बारीक होता. चार-पाच हजार मेगावॉटची तूट, आणि ती सगळ्यात जास्त टोचायची सकाळी आणि संध्याकाळी, दिवेलागणीपासून जेवणं होईपर्यंत. दाभोळचा प्रकल्प २००१ पासून बंद पडलेला. नवं केंद्र उभं राहायला चार-पाच वर्षं लागतात. अशा वेळी तुम्ही दुपारी युनिट वाचवले तर माझ्या संध्याकाळी सातच्या अडचणीला त्याचा उपयोग नाही. वीज साठवून ठेवता येत नाही. कोयना आहे, पण कोयनेचं पाणी पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसीच सोडता येतं. म्हणून ते जपून, गर्दीच्या तासांना वापरायचं.

नियंत्रण कक्षात आमची नजर एका आकड्यावर असायची: फ्रीक्वेन्सी. ५० हर्ट्झ हवी. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढी नसली की ती खाली सरकते. २००२ च्या आधी ४९ च्या खाली जाणं नवलाचं नव्हतं. मग कळव्याच्या भारप्रेषण केंद्रातून निरोप यायचा: इतके मेगावॉट उतरवा, आत्ता. विचार करायला वेळ नसतो. माणसाने उतरवले नाहीत तर रिले नावाची यंत्रं आपोआप फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्या, पाडतात, आणि तेही कमी पडलं तर सगळी ग्रीड कोसळते. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेत काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. लोडशेडिंग म्हणजे छळ, हे मान्य. पण सगळ्यांची जाऊ नये म्हणून थोड्यांची घालवायची, हा त्याचा हिशेब आहे.

दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत कुठला फीडर पाडायचा हे ठरवताना हात जड व्हायचा. आमच्या यादीत सगळ्यात वर असलेला एक फीडर माझ्याच बहिणीच्या गावाचा होता. तो मी कधी टाळला नाही. ती अजून बोलून दाखवते.

पाणंद | मंगळवार, पहाटे ५.४०

काकांचं बरोबर. पण शेतकऱ्याचं कुणी बोलेना म्हणून लिहितो. युनिट कापायला आधी मीटर लागतो. आमच्याकडं निम्म्या मोटारींना मीटरच नव्हता, हॉर्सपॉवरवर बिल. कोटा कशाचा देणार? त्यामुळं आमच्या वाट्याला तासच आले, आणि तेही रात्रीचे.

एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रात्री साडेअकराला लाईट येणार म्हणून उसात दारं धरायला जायचं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं. पायाखाली साप की पाइप, कळत नाही. आमच्या शिवारात गेल्या पंधरा वर्षांत दोन माणसं सापानं गेली, दोन्ही रातपाळीला. शहरात लाईट जाते तेव्हा पंखा बंद होतो. आमच्याकडं लाईट येते तेव्हा झोप मोडते.

तुम्ही ठरवा तास कापायचे का युनिट. आमचं एवढंच म्हणणं: जे काही द्याल ते उजेडात द्या.

चिंचबोर | मंगळवार, सकाळी ८.०२

पाणंद, “लाईट येते तेव्हा झोप मोडते” हे वाचून चहाचा कप खाली ठेवला. आम्ही पुण्यात वाढलो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

जोबर्गवासी | मंगळवार, सकाळी १०.१५

जोहान्सबर्गहून. आमच्याकडे काकांचा ‘बारीक नळ’ होता. कोळसा भरपूर, पण जुनी केंद्रं सारखी बंद पडायची. एस्कॉमने, म्हणजे इथल्या सरकारी वीज कंपनीने, त्याला पायऱ्या केल्या, ‘स्टेज’. एक स्टेज म्हणजे १,००० मेगावॉट कमी करायचे, सहावी स्टेज म्हणजे ६,०००. २००७-०८ पासून अधूनमधून होतं, २०२३ मध्ये कळस झाला. त्या वर्षात ३०० हून जास्त दिवस लोडशेडिंग होतं. मार्च २०२४ च्या शेवटी थांबलं तेव्हा पहिले काही आठवडे कुणाचा विश्वासच बसत नव्हता.

एक गोष्ट मात्र चांगली होती: वेळापत्रक. एस्कॉमसेपुश नावाचं अ‍ॅप सगळ्यांच्या फोनवर. आपला भाग टाकायचा, आज किती ते किती हे समजतं आणि वीज जायच्या आधी सूचना येते. आमची कुकरची शिट्टी त्या सूचनेवर चालायची. मुलीच्या मैत्रिणी वाढदिवसाला येणार असल्या तर आधी स्टेज बघून मग तारीख. वीज जाणं सोसता येतं. कधी जाणार हे माहीत नसणं सोसवत नाही.

वीज परत येते त्याचाही त्रास आहे. इथे घरोघरी पाण्याचे मोठे गीझर. दोन-चार तासांनी वीज आली की सगळे गीझर, फ्रीज, हीटर एकदम ओढायला लागतात आणि कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडतो. मग दोन तासांचे दोन दिवस. म्हणून इथले लोक एकमेकांना सांगायचे की वीज गेली की गीझरचं बटण आधी बंद करा.

पाणंद | मंगळवार, दुपारी १.२०

जोबर्गवासी दादा, अगदी आमचंच. आमच्याकडं गीझरच्या जागी ऑटोस्विच. लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून सगळ्यांनी बसवलेत. लाईट येते, एका दमात डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी उठतात, आणि डीपीतनं धूर. मग वर्गणी काढा, टेम्पो करा, डीपी उतरवून न्या, दुसरी येईपर्यंत पीक बघत बसा.

भोसरी गुरुवार | मंगळवार, दुपारी ३.४५

उद्योगाच्या बाजूने लिहितो. माझं छोटं वर्कशॉप आहे, सहा लेथ, दोन सीएनसी. लोडशेडिंगमध्ये आम्हाला सगळ्यात सोपं काय गेलं असेल तर आठवड्याच्या सुट्टीची वाटणी. आमच्या पट्ट्यात गुरुवार बंद. सगळ्या वसाहती रविवारी बंद राहिल्या तर रविवारी वीज उतू जाते आणि सोमवारी तुटवडा. सुट्ट्या वाटल्या की रोजची मागणी सपाट होते. पाहुण्यांना समजत नाही, गुरुवारी फोन करून विचारतात “आजारी आहेस का?”

अचानक जाणारी वीज मात्र आम्हाला मारते. सीएनसीवर जॉब चढलेला असतो, टूल धातूत रुतलेलं असतं, आणि वीज गेली. जॉब भंगारात, टूल तुटलेलं. तासभर आधी सांगितलं तर मशीन रिकामं करून ठेवतो, तोटा शून्य.

आणि २००६ चं पुण्याचं मॉडेल विसरू नका. मोठ्या कंपन्यांकडे स्वतःचे डिझेल जनरेटर होते. गर्दीच्या तासांत त्यांनी ते चालवायचे, तेवढी ग्रीडची वीज शहराला सोडायची, आणि त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांच्या बिलातून. पुणे लोडशेडिंगमुक्त झालं.

अकोलेकर | मंगळवार, दुपारी ४.१०

झालं ना पुणे मुक्त. पैसे आहेत त्यांनी अंधार विकत देऊन टाकला. आम्ही त्या वर्षांत बारा-बारा तास काढले.

भोसरी गुरुवार | मंगळवार, दुपारी ४.३२

अकोलेकर, राग समजतो. पण पुण्यातल्या जनरेटरने तुमचे युनिट पळवले नाहीत, ते डिझेलवर नवे तयार झाले.

योकोहामा | मंगळवार, संध्याकाळी ५.५०

गुरुवारचं वाचून राहवलं नाही. २०११ च्या उन्हाळ्यात जपानच्या मोटार कंपन्यांनी नेमकं हेच केलं. जुलै ते सप्टेंबर गुरुवार-शुक्रवार सुट्टी, शनिवार-रविवार काम.

त्याची मागची गोष्ट अशी. ११ मार्चचा भूकंप आणि त्सुनामी, फुकुशिमा आणि बरीच इतर केंद्रं बंद. १४ ते २८ मार्च वीज कंपनीने पाच गट पाडून तीन-तीन तासांची पाळी लावली. आम्ही कानागावा प्रांतात, आमच्याकडे वीज जायची. टोकियोचा मधला भाग जवळजवळ सगळा वगळलेला. लोकल गाड्या निम्म्या बंद, सिग्नल बंद. पश्चिम जपानात वीज शिल्लक होती, पण तिकडे ६० हर्ट्झ आणि इकडे ५०. मधून फक्त सुमारे १,००० मेगावॉट बदलून आणता येत होते. एकाच देशात वीज असून पोचत नव्हती.

दोन आठवड्यांत लक्षात आलं की तास कापण्याने सगळं विस्कटतं. म्हणून उन्हाळ्यासाठी पद्धतच बदलली. ५०० किलोवॉटच्या वरच्या ग्राहकांना कायद्याने १५ टक्के कपात, १९७४ च्या तेलटंचाईनंतर पहिल्यांदा. आणि ती महिन्याच्या युनिटांची नव्हे, दिवसा कामाच्या तासांतल्या कमाल मागणीची. म्हणजे काकांच्या ‘नळा’ची. घरांना सक्ती नाही, विनंती. आगगाडीच्या पडद्यावर हवामानाच्या अंदाजाशेजारी विजेचा अंदाज यायचा: आज क्षमतेच्या इतके टक्के वापर. आमच्या ऑफिसात दर दोन ट्यूबांमधली एक काढलेली, सरकते जिने बंद, एसी २८ वर. पंख्याची विक्री तुफान. उन्हाळा पार पडला, पाळीची कपात पुन्हा करावी लागली नाही.

झळ बसलीच. माझ्या एका सहकारी बाईंना रविवारी कामावर जावं लागायचं आणि पाळणाघर बंद. तीन महिने त्यांची आई गावाहून येऊन राहिली.

अकोलेकर | मंगळवार, संध्याकाळी ७.१५

टोकियो वगळलं, शेजारचे प्रांत अंधारात. इथेही मुंबईला वगळलं होतं. कुठेही जा, राजधानीचा फीडर पडत नाही.

आणि आपल्याकडच्या गटांबद्दल कुणी बोललं नाही. ज्या फीडरवर गळती जास्त आणि वसुली कमी, तो खालच्या गटात, त्याला जास्त तास. २०१२ च्या अखेरीस ‘राज्य भारनियमनमुक्त’ म्हणून डंका पिटला, तेव्हाही खालचे गट सुटले नव्हते. माझे वडील शिक्षक होते. पगाराच्या दिवशी पहिलं काम वीजबिल. पण आमच्या गल्लीत आकडे टाकणारे होते, म्हणून आम्हीही खालच्या गटात. आकडा टाकणाऱ्याला जेवढा अंधार तेवढाच बिल भरणाऱ्याला. हा कुठला न्याय? अण्णांनी शेवटपर्यंत एक बिल चुकवलं नाही आणि शेवटपर्यंत कंदिलावर वह्या तपासल्या.

निवृत्त यंत्रचालक | मंगळवार, रात्री ९.००

अकोलेकर, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगितला असता.

तुमचं म्हणणं खोडून काढता येत नाही. फक्त तेव्हाची अडचण सांगतो. आमच्या हातात बंद करण्याची सगळ्यात लहान गोष्ट होती फीडर. एका फीडरवर हजार घरं. त्यातून अण्णांचं घर वेगळं काढायला साधनच नव्हतं. गटांमुळे काही गावांत आकडे उतरले, हे मी पाहिलं आहे. लोकच एकमेकांना सांगू लागले की तुझ्यामुळे आपला गट खाली आहे. पण जिथे आकडेवाला दांडगा होता तिथे कुणी बोललं नाही आणि प्रामाणिक माणूस भरडला गेला.

एक बरा प्रयोग त्याच सुमाराचा: अक्षय प्रकाश योजना. गावाने मिळून ठरवायचं की संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत फक्त दिवे, पंखा, टीव्ही. मोटार नाही, शेगडी नाही, गिरणी नाही, आकडे काढलेले. मग त्या गावाची संध्याकाळची वीज घालवायची नाही. काही गावांनी ते नेटाने पाळलं. संध्याकाळी फीडरचा अँपिअरचा काटा बघितला की कळायचं, गाव शब्दाला जागतंय की नाही. पुढे गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे केले, तेव्हा संध्याकाळचे दिवे मोटारींच्या तावडीतून सुटले.

जोबर्गवासी | मंगळवार, रात्री ११.४०

काका, इथे २०२३ मध्ये एका उपनगरात, फोरवेजला, असंच करून पाहिलं, फक्त शब्दाऐवजी मीटरवर. स्मार्ट मीटरला निरोप जातो आणि घराची मर्यादा ६० अँपिअरवरून १० वर येते. दिवे, टीव्ही, वायफाय, फ्रीज चालतं. गीझर किंवा शेगडी लावली की मीटर पडतो. जादा उपकरण बंद करा, पुन्हा चालू करा. अंधार नाही.

म्हणजे ताईंच्या प्रश्नाला तिसरं उत्तर: तास नको, युनिट नको, अँपिअर कापा.

हिशेबी | बुधवार, सकाळी ९.३०

हे मला सगळ्यात पटलं. १० अँपिअर बंगल्यालाही आणि आईच्या दोन खोल्यांनाही. मागच्या वर्षी कोण उधळ्या होता याचा हिशेबच नको. संध्याकाळचे तीन तास सगळे सारखे.

आता ताईंना विचारतो. लोकांनी इतकं वाचवलं, मग तिथल्या वीज कंपन्यांचं उत्पन्न बुडालं असेल. ते कुणी भरलं?

वारणाकाठ | बुधवार, दुपारी २.१५

नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. लोकांनीच भरलं. कपात संपत आली तेव्हा सरकारने जादा दरवाढ मंजूर केली, घरगुती ग्राहकांना २.९ टक्के आणि उद्योग-व्यापाराला ७.९, गरीब ग्राहक वगळून. आमच्या इमारतीत फार संताप झाला. आम्ही वाचवलं म्हणून आम्हीच भरायचं? पुढच्या वर्षी निवडणुकीत सत्ताधाऱ्यांचा उमेदवार हरला, लुला निवडून आले. एकच कारण असतं असं नाही, पण हा राग रांगेत उभा होता. लोकांनी मात्र सवयी लगेच टाकल्या नाहीत. कपात उठल्यावरही वापर बराच काळ आधीच्या पातळीवर गेला नाही. आमच्या खटक्यावरचा टिकटेप आम्ही घर सोडलं तेव्हाही तिथेच होता.

या धाग्यातून मी एक शिकले. मी टाकीचं औषध नळाला लावत होते. काका, योकोहामा, जोबर्गवासी, तुम्ही ते फार नीट समजावलंत. धरण आटलं, कोळसा महिन्याभराचा कमी, तर युनिटांचा वाटा. संध्याकाळी केंद्रं कमी, तर अँपिअरचा. तास कापणं हे आग लागल्यावरचं काम, ते काकांच्या हातात असावंच, पण वर्षानुवर्षं चालवू नये.

तरी मला एक सोडवत नाही. ब्राझीलमध्ये मला बरं वाटलं ते युनिटांमुळे नव्हे. माझा वाटा किती हे मला माहीत होतं आणि तो कसा खर्चायचा हे माझ्या हातात होतं. अंघोळ थंड घ्यायची की टीव्ही बंद ठेवायचा, हे आमच्या स्वयंपाकघरात ठरलं. पाणंद यांच्याकडे हे कसं आणायचं? तिथे मीटर नाही, अँपिअरची मर्यादा घातली तर मोटारच उठणार नाही.

साक्रीचा पाट | बुधवार, संध्याकाळी ६.२०

पहिल्यांदाच लिहितो. आमच्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत आहे, विजेच्या कितीतरी आधीची. बंधाऱ्यावरून पाट निघतो, जमिनीचे फड पाडलेले, यंदा कुठल्या फडात कुठलं पीक हे मिळून ठरतं. पाणी कमी असलं की सगळ्यांचंच क्षेत्र कमी होतं, एकाच्या एकट्याचं नाही. पाटकरी पाळीने पाणी सोडतो. शेतकरी स्वतः दारं उघडायला जात नाही, त्यामुळे रात्रीची भांडणं नाहीत. प्रत्येकाच्या बांधावर मीटर कधीच नव्हता. मोजायचं ते पाटाच्या तोंडाशी, पुढची वाटणी लोकांची.

डीपीला मीटर लावा. वाटा डीपीला द्या. पुढचं डीपीवरचे शेतकरी बघतील.

पाणंद | शनिवार, सकाळी ७.०५

साक्रीकर दादांचं वाचून गप्प बसवेना, म्हणून गुरुवारी आमच्या डीपीवरच्या सगळ्यांना मारुतीच्या देवळात बोलावलं. डीपी ६३ केव्हीएची, तिच्यावर चौदा मोटारी, सगळ्या पाच हॉर्सपॉवर. हिशेब मांडला तर एकदम चालल्या की डीपीच्या ताकदीबाहेर. तीन वर्षांत चारदा जळली ती उगीच नव्हे.

दोन तास भांडण झालं. वरच्या अंगाचा एकजण म्हणाला, माझा ऊस वाळला तर देऊळ देणार का? शेवटी ठरलं असं. आठ तास लाईट, त्यात पहिल्या चार तासांत सात मोटारी, नंतरच्या चारात सात. दर आठवड्याला अदलाबदल. ऑटोस्विच सगळ्यांनी काढायचे. यादी खडूनं देवळाच्या भिंतीवर. ज्याचा ऊस अगदीच सुकलाय त्याला पहिल्या आठवड्यात दोन्ही पाळ्या, त्याच्या बदल्यात तो पुढच्या आठवड्यात एक दिवस सोडणार.

काल पहिला दिवस. चौदातले अकरा ऑटोस्विच निघाले. तिघांनी काढले नाहीत, त्यांच्याकडं आज संध्याकाळी जाणार आहे. पण दाब एवढा चांगला मिळाला की माझी मोटार चार तासांत नेहमीच्या सहा तासांचं पाणी देऊन गेली.

लाईट अजून रातपाळीचीच आहे.